सांधा ओळखायचा कशावरून?

माणसाच्या अंगात सांधे किती, या साध्या प्रश्नाला आजवर एक उत्तर मिळालेले नाही. सुश्रुत २१० सांगतो. चरक २०० वर थांबतो. वाग्भट २१० हा आकडा देतो आणि आत्रेयांच्या मते ते दोन हजार आहेत, हेही नोंदवून मोकळा होतो. आजची शरीररचनाशास्त्राची पुस्तके ठाम आकडा द्यायचेच टाळतात. कारण मोजण्याआधी सांधा म्हणजे काय ते ठरवावे लागते. दाताचे मूळ जबड्यात रुतलेले असते, तो सांधा धरायचा का? कवटीच्या शिवणी धरायच्या का? वाढत्या मुलाच्या हाडात टोकाजवळ कूर्चेचा जो पट्टा असतो, तो आज आहे आणि विशीत नाही; त्याचे काय करायचे? आकड्याचा हा वाद मुळात वर्गीकरणाचा आहे.

तो पुस्तकातच राहिला असता, तर आपण त्याच्या वाटेला गेलो नसतो. पण जतसारख्या तालुक्यात तो दवाखान्याच्या बाकावर बसलेला दिसतो. सांगली जिल्ह्याच्या पूर्व टोकाचा, कर्नाटकाला लागून असलेला हा तालुका. पाऊस बेभरवशाचा, म्हणून दसरा-दिवाळीच्या सुमाराला अनेक संसार ऊसतोडीला बाहेर पडतात. मागे राहतात ते द्राक्ष-डाळिंबाच्या बागांत नाहीतर मेंढरांमागे. काम सगळे वाकून, उकिडवे बसून, डोक्यावर मोळी घेऊन. चाळिशीतच गुडघे कुरकुरू लागतात. तक्रार मराठीत येवो की कानडीत, तिचा सारांश एकच: सांधे धरलेत. आणि त्यावर मिळणारे नावही बहुधा एकच: संधिवात. या एका नावाखाली निदान पाच-सहा वेगवेगळे आजार दडलेले असतात. ते ओळखू येतात ते प्रामुख्याने एका गोष्टीवरून: कोणता आजार कोणत्या जातीचा सांधा पकडतो.

सांध्यांच्या जाती लावायच्या तीन रीती आहेत. सांधा किती हलतो, ही पहिली. हाडांच्या टोकांचा आकार कसा, ही दुसरी. दोन हाडांच्या मध्ये नेमके काय भरले आहे, ही तिसरी. शाळेत शिकवतात ती बहुतेक पहिली: चल सांधे आणि अचल सांधे, मग चल सांध्यांत बिजागरीचा, उखळीचा, सरकता. शिकवायला ती सोपी, परीक्षेला सोयीची आणि रोग्याच्या उशाशी सर्वांत कमी उपयोगाची, असे माझे स्पष्ट मत आहे.

ही रीत जुनी मात्र फार आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात पाचव्या अध्यायात सांध्यांचे पहिले दोन भाग पडतात ते हालचालीवरूनच: चेष्टावंत आणि स्थिर. हातपाय, जबडा आणि कंबर इथले सांधे हलते, बाकीचे स्थिर. त्यानंतर हिशेब येतो: चारही शाखांत मिळून ६८, धडात ५९, मानेपासून वर ८३. हा हिशेब कुठून तरी उचललेला नाही, हे पडताळून पाहता येते. पायाच्या प्रत्येक बोटात तीन सांधे, अंगठ्यात दोन, असे १४. त्यात घोटा, गुडघा आणि जांघ मिळवली की १७. चार शाखांचे ६८. आजच्या पुस्तकाप्रमाणे बोटांचे सांधे मोजले तरी एका पंजात १४ च भरतात. डोक्याकडच्या ८३ मध्ये तर ३२ सांधे एकट्या दातांच्या मुळांचे आहेत. आधुनिक शास्त्रही दात आणि जबडा यांच्या जोडाला सांधाच म्हणते, हे ऐकून आजही अनेक दंतरुग्णांना आश्चर्य वाटेल.

पुढे सुश्रुत आकारावर येतो आणि आठ प्रकार सांगतो: कोर, उलूखल, सामुद्ग, प्रतर, तुन्नसेवनी, वायसतुंड, मंडल आणि शंखावर्त. बोटे, मनगट, घोटा, गुडघा, कोपर हे कोर. काख, जांघ आणि दात हे उलूखल, म्हणजे उखळातले. मान आणि पाठीचे मणके प्रतर. कवटीची हाडे तुन्नसेवनी, शिवलेल्या कापडासारखी. जबडा वायसतुंड, कावळ्याच्या चोचीचा. मंडल आणि शंखावर्त या शेवटच्या दोघांत कंठ, डोळा, कान येतात आणि तिथे आजच्या वाचकाची गाडी अडते, कारण त्यांतले बरेचसे आपण आज हाडांचे सांधे मानत नाही. रुडॉल्फ हर्नले यांनी १९०७ साली प्राचीन भारतीय अस्थिगणनेवर ग्रंथ लिहिला, त्यातही या पाठांची बरीच सोडवणूक करावी लागली होती.

सुश्रुताने आकाराला एवढे महत्त्व का दिले असावे? माझा तर्क असा की उत्तर त्याच्या शवपरीक्षेच्या पद्धतीत आहे. प्रेत पिंजऱ्यात बांधून वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवायचे आणि कुजले की वाळ्याच्या किंवा सालीच्या कुंचल्याने थर खरवडत पाहायचे. अशा शरीरात सांध्याचे नाजूक अस्तर आणि आतला द्रव टिकणार कसा? नजरेत भरतात ती हाडांची टोके आणि त्यांचे घाट. सांध्यात वंगण असते याची जाणीव मात्र त्याला होती. आसाला तेल दिले की चाक नीट फिरते, तसे श्लेष्म्याने माखलेले सांधे चालतात, हा दृष्टांत त्याचाच. पण वंगण आहे की नाही, यावरून सांध्यांची वाटणी त्याने केली नाही.

ग्रीक-रोमन परंपरेचेही तेच. गॅलेनने हलते आणि न हलते असे दोन गट केले. हलत्यांत खोल उखळीचा, उथळ उखळीचा आणि बिजागरीचा. न हलत्यांत शिवण, खिळा आणि नुसता टेकलेला जोड. दोघांची सुरुवात एकाच जागी झाली, कारण डोळ्यांना पहिली दिसते ती हालचाल. तिसरी रीत यायला सांधा ताजा उघडून पाहावा लागला. क्लॉप्टन हॅव्हर्सने १६९१ मध्ये सांध्यातील द्रव आणि तो कुठून येतो यावर लिहिले. विल्यम हंटरने १७४३ मध्ये सांध्यातल्या कूर्चेचे वर्णन करताना सांगितले की ती एकदा नासली की पुन्हा भरून येत नाही. पावणेतीनशे वर्षांनंतरही यात फारसा बदल झालेला नाही. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, म्हणून तिची डागडुजी जवळजवळ होतच नाही.

ही तिसरी रीत पाहायला मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या विच्छेदनगृहात जायला हवे असे नाही. मटणाच्या दुकानासमोर दहा मिनिटे उभे राहिले तरी पुरते. मुंडी फोडली की कवटीच्या हाडांमधली नागमोडी रेघ दिसते. तिथे दोन हाडे तंतूंनी घट्ट विणलेली असतात, मध्ये पोकळी नाही. पाठीचा भाग तोडताना सुरी दोन मणक्यांच्या मध्ये शिरते तिथे पांढरी, चिवट चकती लागते. आणि पायाचा सांधा उघडला की चित्रच बदलते: भोवती पिशवी, आत निळसर पांढरी चकचकीत कूर्चा, आणि बोट लावले तर तार धरणारा, अंड्याच्या पांढऱ्यासारखा द्रव. तंतूंचा, कूर्चेचा आणि पिशवीचा, तीनही जाती एकाच ओट्यावर. कसबी कसाई सुरीने हाड कधीच कापत नाही. सांधा कुठे आहे आणि त्याच्यात काय आहे, हे त्याच्या हाताला पाठ असते.

कोकरू असेल तर चौथी गंमतही दिसते. जत तालुक्यातल्या माडग्याळची मेंढी उंच आणि बाकदार नाकाची म्हणून प्रसिद्ध. तिच्या किंवा कुठल्याही मेंढीच्या लहान पिलाचा खूर वेगळा करताना पाय खऱ्या सांध्यात सुटत नाही, तर जरा वर, नळीच्या टोकाजवळच्या कूर्चेच्या पट्ट्यातून तुटतो. साधारण वर्ष-सव्वा वर्षाने तो पट्टा हाडात जिरला की मग खाली खऱ्या सांध्यातच सुटतो. परदेशांत मांसाची प्रत लावताना कोकरू की प्रौढ मेंढी, हे याच खुणेवरून ठरवतात. माणसाच्या बाबतीतही वयाचा पुरावा हाच. जन्मदाखला नसलेल्या मुलामुलींच्या मनगटाचा, कोपराचा एक्स-रे काढून हे पट्टे मिटले की नाहीत ते पाहतात. न्यायालये त्यात दोन वर्षे इकडे-तिकडे धरतात, तेही योग्यच. फुटबॉलच्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात २००९ पासून खेळाडूंच्या मनगटाचे एमआरआय होऊ लागले, तेही याच आधारावर. हा पट्टा शास्त्रात कूर्चेचा सांधा म्हणून मोजला जातो. हालचाल शून्य, आयुष्य विशीपर्यंत, आणि तरी सांधा. हालचालीवरून वाटणी करणाऱ्याने याला कुठे बसवावे?

तंतूंच्या सांध्यांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. तान्ह्या बाळाची टाळू म्हणजे अजून न भरलेली शिवण; पुढची टाळू साधारण दीड वर्षापर्यंत भरते. नडगीची दोन हाडे घोट्याच्या वर ज्या तंतूंनी बांधलेली असतात, तो दुसरा; तालमीतल्या पोरांचा पाय जोरात पिरगळला की कधी कधी घोटा शाबूत राहतो आणि हाच जोड फाटतो, म्हणून ते दुखणे महिनोन्‌महिने रेंगाळते. तिसरा दाताचा. मिश्रीने आणि तंबाखूने हिरड्या गेल्या की दात हलू लागतात, तेव्हा खरे तर एक सांधाच निखळत असतो.

कूर्चेच्या सांध्यांत कायमचे म्हणजे छातीच्या मधल्या हाडाचा जोड, जांघेतला पुढचा जोड आणि मणक्यांमधल्या चकत्या. अशा चकत्या २३ असतात. 'गादी सरकली' असे आपण सर्रास म्हणतो. गादी सरकत नसते; ती वरच्या-खालच्या मणक्याला चिकटलेलीच असते. तिच्या बाहेरच्या कड्याला चीर पडते आणि आतला मऊ गर बाहेर येऊन नसेला टोचतो. 'मणक्यात गॅप' हाही तसाच एक दवाखानी वाक्प्रचार, ज्याने रोगी घाबरतो आणि कळत काहीच नाही. शिवाय दोन मणक्यांमध्ये एक सांधा नसतो, तीन असतात: पुढे चकती, मागे दोन छोटे पिशवीचे सांधे. पुढचा एका जातीचा, मागचे दुसऱ्या. पाठ एकच, पण तिच्यात दोन वेगळ्या कुळांचे आजार होऊ शकतात.

आकाराच्या रीतीचा खरा कस लागतो तो पिशवीच्या सांध्यांत. खांदा आणि खुबा दोन्ही उखळीचे, पण खुब्याची उखळ खोल आणि खांद्याची इतकी उथळ की आखाड्यात खांदा निखळतो, खुबा क्वचितच. खांदा बसवायला सुश्रुताने काखेत मुसळ घालून वर उचलायला सांगितले आहे आणि बसल्यावर स्वस्तिकाच्या आकाराचा बंध. मानेतला पहिला-दुसरा मणका खुंटीचा. नकार देताना मान फिरते ती तिथे. अंगठ्याच्या मुळाशी खोगिराचा सांधा असतो. त्याच्यामुळेच अंगठा बाकीच्या चार बोटांसमोर येऊ शकतो. द्राक्षाच्या छाटणीत दिवसभर कात्री चालवणाऱ्या बाईचा दुखतो तो बहुधा हाच, आणि ती मनगट धरून सांगते की 'मनगट गेलं'.

गुडघा मात्र सगळ्या वर्गीकरणांना पुरून उरतो. पुस्तकात तो बिजागरीत बसवतात, सुश्रुतानेही कोपराबरोबरच ठेवला. पण पाय पूर्ण सरळ होताना शेवटच्या काही अंशांत नडगी किंचित बाहेर वळते आणि गुडघ्याला कुलूप लागते. वाकवायच्या आधी मागचा एक छोटा स्नायू ते कुलूप उघडतो. दाराची बिजागरी असे काही करत नाही. उकिडवे बसताना, मांडी घालताना मांडीचे हाड फिरते, घसरते आणि वळते, तिन्ही एकदम. एवढा बारकावा कशाला, असे वाटेल. तर १९५० च्या दशकात स्वीडनच्या वॉल्डियसने कृत्रिम गुडघा केला तो खरोखरच्या बिजागरीचा. गुडघ्याला वळू न देणारी ती बिजागरी सगळा पीळ हाडावर टाकायची आणि हाडातली तिची पकड सैल व्हायची. १९६८ मध्ये गन्स्टनने बिजागरी सोडून फिरते-घसरते पृष्ठभाग बसवले, तिथून आजच्या कृत्रिम गुडघ्यांची वाट सुरू झाली.  वर्गीकरणातली चूक अशी थेट रोग्याच्या पायात उतरते.

आता मूळ मुद्दा. ऱ्हुमॅटॉइड संधिवात हा पिशवीच्या अस्तराचा आजार. म्हणून तो मनगट, बोटांची मुळे, बोटांची मधली पेरे असे पिशवीचे सांधे पकडतो, दोन्ही बाजूंचे एकदम, आणि मणक्यांच्या चकत्यांना सहसा हात लावत नाही. पाठीत तो गाठतो ती मानेच्या वरची खुंटी, कारण तिथे अस्तर आहे. हा आजार जुना असलेल्या बाईने डोक्यावर उसाची मोळी घेणे धोक्याचे आहे. खुंटी सैल झालेली असेल, तर मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो. झिजेचा संधिवात मुख्यतः कूर्चेचा. तो गुडघा, खुबा, अंगठ्याचे मूळ आणि बोटांची शेवटची पेरे निवडतो. तरुण पोराची पहाटे आखडणारी आणि हालचालीने मोकळी होणारी कंबर बहुधा ओझ्याने दुखत नसते. माकडहाडाच्या वर दोन्ही बाजूंना जो अर्धा पिशवीचा आणि अर्धा तंतूंचा सांधा आहे, तिथे सूज असू शकते. हा सांधा पिशवीचा असूनही जेमतेम काही अंश हलतो. वर्षानुवर्षे या पोरांना 'काम जड आहे, विश्रांती घे' एवढाच सल्ला मिळतो, आणि विश्रांतीने त्यांचे दुखणे वाढते.

हे आजार किती लोकांत असतात, याचा महाराष्ट्रातला भरवशाचा अंदाज भिगवणने दिला. पुणे जिल्ह्यातल्या या गावात १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा यांच्या चमूने कॉपकॉर्ड या सांधेरोगांच्या लोकपाहणीच्या पद्धतीने घरोघर पाहणी केली. चार हजारांवर प्रौढांपैकी सुमारे १८ टक्क्यांना हाडा-सांध्या-स्नायूंचे दुखणे होते. ऱ्हुमॅटॉइड संधिवात जेमतेम अर्ध्या टक्क्याला आणि झिजेचा त्याच्या कित्येक पटींनी जास्त. म्हणजे 'संधिवात' म्हणून गोळ्या खाणाऱ्या बहुतेकांना ऱ्हुमॅटॉइड संधिवात नसतोच, आणि ज्या अर्ध्या टक्क्याला असतो, तो या गर्दीत हरवतो. त्यात साथींची भर. चिकुनगुनिया १९७३ मध्ये बार्शीला आला, मग तीस वर्षांहून अधिक काळ गायब झाला आणि २००६ मध्ये महाराष्ट्रभर पसरला. घोटे, मनगटे, बोटे, पुन्हा पिशवीचेच सांधे. ताप तीन दिवसांत गेला तरी कित्येकांचे सांधे महिनोन्‌महिने सुजलेले राहिले.

हाडवैद्यांबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. त्यांच्या हाताला कसब असते, यात शंका नाही. पण ज्या परंपरेचा दाखला दिला जातो, तिने सहा प्रकारचा संधिमुक्त आणि बारा प्रकारचा कांडभग्न, म्हणजे निखळणे आणि मोडणे, वेगळे मोजले होते. आठ वर्षांच्या पोराचे कोपर सुजले की ते निखळले असे समजून ओढले जाते आणि कामट्यांनी घट्ट बांधले जाते. त्या वयात कोपराजवळचे हाड किंवा त्यातला कूर्चेचा पट्टाच तुटलेला असण्याची शक्यता मोठी. सॉल्टर आणि हॅरिस यांनी १९६३ मध्ये या पट्ट्याच्या इजांचे पाच प्रकार पाडले ते एवढ्याचसाठी, की कोणत्या प्रकारात हात वाकडा वाढेल हे आधी कळावे. घट्ट बंधाने रक्त थांबले, तर बोटे कायमची आखडतात. मुलाच्या कोपराला एक्स-रे झाल्याशिवाय कोणी हात लावू नये.

बाकी जतमध्ये काय, सांगली-मिरजेत काय, डॉक्टरकडे गेल्यावर 'सांधे दुखतात' एवढे न सांगता दुखणाऱ्या सांध्यावर बोट ठेवावे आणि निघताना विचारावे: अस्तर सुजले आहे, कूर्चा झिजली आहे की सांध्याबाहेरचेच काही आहे? सकाळी उठल्यावर हात अर्ध्या-पाऊण तासाहून जास्त वेळ आखडलेले राहात असतील, दोन्ही हातांच्या बोटांची मुळे सुजली असतील आणि असे सहा आठवडे चालले असेल, तर मेडिकलच्या दुकानातून पुडीत बांधून मिळणाऱ्या गोळ्यांवर दिवस काढू नका. त्या गोळ्यांत अनेकदा स्टेरॉइड असते. दुखणे दबते, हाडे ठिसूळ होतात, आणि ऱ्हुमॅटॉइड संधिवातात जे पहिले काही महिने औषधाला सर्वांत चांगली दाद देतात, ते हातचे जातात.